वरच्याने बोलत राहावं

उंच मालावर ताडपत्री घालायची तर दोन माणसं लागतात, आणि त्यातल्या वरच्याने बोलत राहायचं असतं. काय बोलावं याला बंधन नाही. शिव्या चालतात, गाणं चालतं, सासूची गाऱ्हाणी चालतात, वाऱ्याशी भांडण तर फारच छान चालतं. फक्त आवाज तुटता कामा नये. खालचा माणूस ट्रेलरच्या कडेला दोर धरून उभा असतो. त्याला वरचा दिसत नाही. दिसते ती फळ्यांची भिंत आणि भिंतीच्या डोक्यावरचं आभाळ. वरचा बोलतोय म्हणजे वरचा आहे, आणि आवाज जिथून येतोय तिथे तो आहे. आवाज थांबला की खालच्याने हातातलं सोडायचं आणि हाक मारायची. हाकेला ओ आली नाही तर धावायचं. मोठ्या कारखान्यांत डोक्यावर तार असते, तिला कमरेचा पट्टा अडकवून माणूस निर्धास्त फिरतो म्हणे. या वखारीत तसली चैन नव्हती. म्हणून इथे लाकूड भरायला येणाऱ्या ड्रायव्हरांनी आपल्यापुरता हा नियम करून घेतला होता, आणि नवख्याने शिडीला हात लावला की ते विचारत, "गप्पा मारता येतात का?"

त्याला येत नव्हत्या. सगळे त्याला घुम्या म्हणत, आणि त्यालाही ते वावगं वाटत नसे. बायको म्हणे, "यांच्याशी भांडायला बसलं की दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागतात. आणि शेवटी हरते पण मीच." तो त्यावरही नुसता हसे. बोलणं त्याला जमत नव्हतं असं नाही. बोलण्याआधीच त्याचं मन कुठेतरी निघून गेलेलं असे. गाडी चालवताना मात्र तो लख्ख जागा असायचा, रस्ता त्याला धरून ठेवायचा. स्टिअरिंग सुटलं की त्याची तंद्री लागे. चहा निवून जाई. समोरच्याचं वाक्य संपून दुसरं सुरू झालेलं असे.

गेल्या वर्षी तो पडला होता. परगावी, एकटाच असताना, खोक्यांच्या उंच थप्पीवरून. ताडपत्रीखाली वारा शिरला, कापड शिडासारखं फुगलं, आणि अशा वेळी जे करायचं असतं ते त्याने केलं नाही. कापड सोडून द्यायचं असतं. त्याने ते घट्ट धरून ठेवलं. कंबर मोडली, पाय मोडला, घरातल्या खिडकीजवळच्या पलंगावर कित्येक महिने गेले. बायकोने त्याला लहान मुलासारखं पुन्हा चालायला शिकवलं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की पडताना त्याला बरं वाटलं होतं. कापड त्याच्याभोवती लपेटलं गेलं, उजेड मऊ निळा झाला, अंगाचं वजन कुणीतरी काढून घेतल्यासारखं झालं. इतकं शांत त्याला जन्मात वाटलं नव्हतं. मग जमीन आली. पण पलंगावर पडल्यापडल्या त्याला आठवत राहिली ती जमीन नव्हे, तिच्या आधीचं ते निळं.

हे कुणाला सांगणार? जिने आपल्यासाठी रात्रीचा दिवस केला तिला कसं सांगायचं, की मला त्याची अधूनमधून ओढ लागते?

आज बऱ्या झालेल्या पायांवर तो पहिल्यांदा उंच माल झाकणार होता. निघताना बायकोने डबा हातात दिला आणि डोळ्यांत बघत म्हटलं, "जमलं नाही तर नाही म्हणा. गाडी धाकट्याला देऊ, आपण दुसरं काहीतरी बघू." धाकटा म्हणजे तिचा भाऊ. तोही ट्रेलरच चालवायचा, आणि बहिणीच्या हुकमावरून आज आपली गाडी बाजूला लावून भाऊजींच्या मदतीला आला होता. तो म्हणजे तोंडाची टकळी. झोपेतही बोलतो अशी त्याच्या बायकोची तक्रार होती, आणि त्यावर त्याचं म्हणणं असं, की दिवसा बोलू दिलं असतं तर रात्रीवर वेळ आली नसती.

वखारीच्या आवारात दुपार पसरली होती. करवतीचा आवाज मधमाश्यांसारखा एकसुरी, आणि हवेत भुश्श्याचे कण इतके, की ऊन नुसतं दिसत नव्हतं, हाताला लागत होतं. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणत. काकूंनी सुकवलेल्या फळ्यांचे गठ्ठे एकावर एक असे रचले होते, की ट्रेलरवर जणू दोन मजल्यांचं घर उभं राहिलं. खरं तर दोन घरं. पुढची थप्पी लांब फळ्यांची, मागची आखूड फळ्यांची, आणि दोघींच्या मध्ये माणूस सरळ आत जाईल एवढी फट. तिला ड्रायव्हर लोक विहीर म्हणत.

"विहिरीवर आडव्या फळ्या टाकू का?" काकूंनी विचारलं. "पण त्या आणायला पलीकडच्या शेडमध्ये जावं लागेल."

मेहुण्याने आभाळाकडे पाहिलं. डोंगराच्या बाजूला राखाडी रंग जमत होता. फळ्या वाद्यं बनवणाऱ्या कारखान्यात जायच्या होत्या. त्यांना पावसाचा थेंब लागला की त्या वाकणार, आणि वाकलेल्या फळीतून सूर निघत नाही म्हणतात.

"राहू दे," घुम्या म्हणाला. "दिसतेय मला विहीर."

"बघा हं काकू," मेहुणा म्हणाला, "एका दमात पाच शब्द बोलले. आज पाऊस नक्की."

काकूंनी ताडपत्रीची जाडजूड गुंडाळी उचलून पुढच्या थप्पीच्या टोकावर अलगद ठेवली. काम तसं सरळ होतं. गुडघ्यांवर बसायचं, गुंडाळी पुढे ढकलायची, ती उलगडत जाते तसतसं तिच्यामागून सरकायचं. उलटं, पाठीकडे कधीच चालायचं नाही. कडेजवळ उभं राहायचं नाही. वारा आला तर कापड सोडून आडवं व्हायचं. आणि विहिरीपाशी पोचलं की थांबायचं. गुंडाळी दोन्ही हातांनी पलीकडे लोटून द्यायची, आल्या वाटेने खाली उतरायचं, शिडी मागे नेऊन लावायची आणि मागच्या थप्पीवर नव्याने चढायचं. कारण एकदा कापड पसरलं की वरच्याला विहीर दिसत नाही. ती खालच्याला बाजूने दिसते. आवाज विहिरीजवळ आला की त्याने ओरडून सांगायचं.

मेहुण्याने शिडी लावली, हलवून बघितली, आणि पायथ्याशी पाय रोवून उभा राहिला. "चढा भाऊजी. आणि बोला काहीतरी. ताईने मला बजावलंय, आवाज थांबला तर माझी धडगत नाही. तुम्ही पडलात तर तुम्ही सुटाल, मी तिच्या तावडीत सापडेन."

पाय थरथरले नाहीत. तो वर पोचला, गुडघ्यांवर टेकला, आणि नेमकी त्याचीच त्याला भीती वाटली. उंचीने धाक घातला असता तर बरं झालं असतं. पण वर सगळं ओळखीचं, गोड होतं. फळ्यांचा वास. दूरच्या छपरांवर वाळणारे कपडे. खाली काकू फोर्कलिफ्टवर बसून हनुवटीला हात लावून बघत होत्या, खेळण्यातल्या बाहुलीएवढ्या.

"बोला की," खालून आवाज आला.

"काय बोलू?"

"जे दिसतंय ते बोला."

त्याने गुंडाळी ढकलली. "फळी," तो म्हणाला. "अजून एक फळी. ही पण फळीच."

"भाऊजी, ही काय बातमी झाली? लोक रेडिओ बंद करतील."

"कापड निळं आहे. विटलंय."

"हं. पुढे?"

"पुढे फळी."

काकू मोठ्याने हसल्या. मेहुण्याने कपाळाला हात लावलेला त्याला न बघताही कळला. मग मेहुण्याने त्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली, जसा एखादा हट्टी मास्तर विचारतो. सकाळी काय खाल्लं? ताई रागावली होती की खूश होती? शेजाऱ्यांचा कुत्रा अजून तुमच्यावरच भुंकतो का? तो एकेका शब्दाने उत्तरं देत सरकत राहिला. गुंडाळी पुढे, गुडघे मागोमाग. कापड त्याच्याखाली गुळगुळीत होत होतं आणि दोन्ही बाजूंनी खाली ओघळत होतं. खाली मेहुणा कापडाला बांधलेला दोर हळूहळू ताणत ते सरळ ठेवत होता.

मग वाऱ्याची एक झुळूक आली. जोराची नव्हे. गोठ्यातली म्हैस झोपेत उसासा टाकते तेवढीच. त्या झुळकीने कापडाखाली शिरून ते जरासं उचललं आणि पुन्हा ठेवलं. फुगवटा त्याच्या गुडघ्यांखालून लाटेसारखा गेला. त्याचे हात थांबले.

पाणी असावं तसं दिसत होतं ते. एक मोठं, विटकं निळं पाणी, त्यावर भुश्श्याचे सोनेरी कण तरंगताहेत, आणि तो त्या पाण्यावर बसलेला आहे आणि बुडत नाही. करवतीचा आवाज लांब गेला. दुपारही लांब गेली. दुसरी लाट आली आणि तिच्याबरोबर ते सगळं परत आलं, लपेटणारं कापड, मऊ उजेड, अंगातून निघून गेलेलं वजन. त्याने गुंडाळीला हलकेच धक्का दिला. ती आपणहून घरंगळत दूर गेली, आणि तिच्यामागे निळी वाट पसरत गेली, एकसंध, कुठेही घडी नाही, कुठेही फट नाही. किती छान पसरली, असं त्याला वाटलं. त्यावरून चालत जावं. नुसतं चालत जावं. तो गुडघ्यांवरून उठू लागला.

"भाऊजी?"

हाक आली. ऐकूही आली. पण एखादा माणूस गाढ झोपेच्या उंबऱ्यावर असताना शेजारच्या खोलीत कुणी आपलं नाव घ्यावं, तशी.

"भाऊजी, ओ द्या."

द्यावीशी वाटत नव्हती. ओ दिली की हे निळं मोडेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

खाली काहीतरी धप्पकन पडलं. दोर. मग मेहुण्याचा आवाज पुन्हा आला, पण त्यातली थट्टा कुणीतरी पुसून घेतली होती. एखाद्या पोराचा असावा तसा उघडा आवाज. "मी दोर सोडलाय भाऊजी. मला तुम्ही कुठे आहात ते कळत नाहीये. मी कुठे धावू ते सांगा."

धावू, या शब्दाशी तो अडला. हा बिचारा या भिंतीखाली उभा आहे, आणि त्याला कुठे धावावं ते कळत नाही. अर्धवट उठलेला तो तसाच थांबला. समोर बघितलं. निळं. मागे बघितलं. निळं. ट्रेलरच्या कुठल्या भागात आपण आहोत, हे त्याला सांगता येईना.

"मलाही कळत नाहीये," तो म्हणाला.

"बसा. आहात तिथे खाली बसा. काकू, ते इंजिन बंद करा आधी."

तो बसला. फोर्कलिफ्टची घरघर थांबली. काकूंनी शेडकडे हात करून करवतही बंद करायला लावली असावी, कारण अचानक आवार इतकं शांत झालं, की कापडावर पडणाऱ्या भुश्श्याचाही आवाज येईल असं वाटलं.

"आता बोला," मेहुणा म्हणाला. "थांबू नका. मी आवाजावरून येतोय."

काय बोलायचं? फळ्या तर झाकल्या गेल्या होत्या. दुसरं काही जवळ नव्हतं, म्हणून जे होतं ते त्याने बोलायला सुरुवात केली.

"गेल्या वर्षी पडलो ना," तो म्हणाला, "तेव्हा मला बरं वाटलं होतं."

खाली पावलं चालत होती. थांबली. पुन्हा चालू लागली.

"बोला."

"दुखलं ते नंतर. आधी फार बरं वाटलं. सगळं निळं होतं. आई लहानपणी ओल्या चादरी दोरीवर टाकायची आणि मी त्यांच्यामधून चालायचो, चेहऱ्याला गार लागायचं, तसं. कुणी काही मागत नव्हतं माझ्याकडे. तुझी ताई रात्र रात्र माझ्या पलंगाशी बसायची, आणि मी डोळे मिटून तिथे परत जायचो. तिला वाटायचं मला झोप लागली. आत्ता पण तेच आलं होतं. मी बोलावलं नाही. ते येतं. मला चढायची भीती वाटत नाही रे. वाटायला हवी ना? माणसाला वाटते ना?"

आयुष्यात इतकं सलग तो बहुधा बोलला नव्हता. बोलताना एक गंमत त्याच्या ध्यानात आली. जे जे शब्दांत आलं, तेवढं तेवढं निळं राहिलं नाही. चादरी म्हटलं आणि चादरी झाल्या. कापड म्हटलं आणि ते विटकं, तेलाच्या डागांचं, जागोजाग ठिगळ लावलेलं कापड झालं.

"भाऊजी," मेहुण्याचा आवाज एकदम जवळून आला, जवळून आणि खालून, जणू एखाद्या मडक्यातून. "आता अगदी हलू नका. तुमचा आवाज मला विहिरीतून येतोय."

त्याने उजवा हात समोर कापडावर टेकवला आणि हलकेच दाबला. कापड दबलं, आणि दबतच गेलं. खाली काहीच नव्हतं. त्याच्या गुडघ्यांपासून वीतभर पुढे.

आता मात्र भीती आली. उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी धापा टाकत आली, आणि तिने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. त्याला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

"भीती वाटतेय," तो खाली म्हणाला.

"वाटू द्या. चांगली वाटू द्या," मेहुणा म्हणाला. "पालथे व्हा. पायांनी मागे चाचपडत, रांगत या. शिडी तुमच्या पाठीमागे, ट्रेलरच्या पुढच्या टोकालाच आहे, काकू धरून उभ्या आहेत. आणि बोलत राहा."

"काय बोलू?"

"भीती वाटतेय हेच म्हणत राहा."

तो तेच म्हणत मागे रांगला. शिडीच्या पहिल्या पायरीला पाय लागला, मग दुसरा, आणि भुश्श्याने भरलेल्या जमिनीवर तो उतरला तेव्हाही तो तेच म्हणत होता. काकूंनी पाण्याची बाटली पुढे केली. "पुरे आता," त्या म्हणाल्या. "आम्हालाही वाटायला लागली."

मेहुण्याने भाऊजींच्या शर्टावरचा भुस्सा झटकला, एकदा, दोनदा, मग झटकायला काही उरलं नव्हतं तरी झटकत राहिला.

"ताईला कळलं पाहिजे," शेवटी तो म्हणाला. "मी नाही सांगणार. पण तुम्ही सांगा."

"सांगेन."

"सगळं?"

"ती बसायची तेव्हा मी कुठे जायचो, तेही."

डोंगराकडचा राखाडी रंग आता वखारीच्या छपरांवर आला होता. कापड अर्धंच पसरलेलं, मागची थप्पी उघडी. काकू या वेळी कुणाला न विचारता शेडमध्ये गेल्या आणि आडव्या टाकायच्या फळ्या घेऊन आल्या. मेहुण्याने शिडी मागे लावली.

"मी चढतो. तुम्ही खाली उभे राहाल?"

त्याने दोर उचलला. मेहुणा वर जाऊन कापडाची कड दुमडून, विहिरीवर फळ्या बसवू लागला, आणि अर्थातच त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. त्याच्या बायकोने नवीन पडदे आणलेत, पडद्यांचा रंग असा की पाहुणे आले तर आजारी पडतील. काकूंच्या मुलाचं लग्न ठरत नाही कारण मुलगा काकूंसारखा दिसतो. वारा असाच राहिला तर तो वाऱ्यालाच गाडीवर नोकरी देईल. खाली उभा असलेला तो ऐकत होता. शब्द नव्हे, शब्द कानावरून पाण्यासारखे जात होते. तो ऐकत होता शब्दांखालचं. फळीचं किरकिरणं. गुडघा टेकल्याचा बोदा आवाज. धाप. कापड जमिनीसारखं वाजतंय की ढोलासारखं. जन्मभर लोकांचं बोलणं त्याच्या एका कानाने शिरून दुसऱ्याने जात होतं, आणि आज पहिल्यांदा त्याला वाटलं, आपले कान बहुधा यासाठीच असावेत. खात्री नव्हती. पण वाटलं.

वर पडद्यांची गोष्ट ऐन रंगात होती. हशा थांबलेला नव्हता, आवाज तुटलेला नव्हता. तरी तो म्हणाला, "थांब."

"का? बोलतोय की मी."

"तू उभा राहिलास. डावीकडे कड आहे. खाली बस."

वर गुडघे टेकल्याचा आवाज आला.

"तुम्हाला दिसलो?"

"नाही."

त्यानंतर मेहुणा जरा हळू बोलू लागला, आणि तोही खालून अधूनमधून "हं" म्हणू लागला. ताडपत्री मागच्या टोकापर्यंत पोचली. दोघांनी मिळून दोन्ही बाजूंचे रबरी पट्टे आकड्यांत अडकवले, पुढच्या घड्या पाकिटासारख्या दुमडल्या. पहिले थेंब टपटपले तेव्हा फळ्यांचं ते घर नीट झाकलेलं होतं, कोरडं होतं.

"पुढच्या खेपेला?" मेहुण्याने हात पुसत विचारलं.

"तूच वर. माझ्या गाडीवरही आणि तुझ्याही. दोन गाड्या बरोबरच काढू."

"आणि तुम्ही कायम खाली? वरचं काही आठवणार नाही?"

"आठवेल," तो म्हणाला.

मेहुणा आपल्या गाडीकडे पळाला. तो तिथेच पावसात थोडा वेळ उभा राहिला. कापड पट्ट्यांखाली हळूहळू फुगत होतं, बसत होतं. त्याने त्यावर तळवा ठेवला. आतून कुणीतरी हलकेच ढकलल्यासारखं झालं. त्याने तळवा काढला, जवळचा पट्टा सोडला आणि एक आकडा पुढे ओढून घट्ट अडकवला.